म्हणजे काय?

दुपारी खिचडीची पातेली घासून झाल्यावर मावशींनी माझ्या हातात वही दिली. चौथीच्या वर्णनात्मक नोंदींची वही, मोठ्या बाईंकडून परत आलेली. हजेरीत सहाव्या नंबरावर असलेल्या मुलासमोर मी लिहिलं होतं, ‘संख्यांवरील क्रिया करताना चुका करतो.’ त्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि समासात दोन शब्द : म्हणजे काय?

अकरा वर्षं मी या शाळेत शिकवतेय आणि दर एप्रिलात हे दोन शब्द माझ्या वहीत कुठे ना कुठे उमटतात. पहिल्या वर्षी मला राग आला होता. एवढ्या घाईच्या दिवसांत, निकालपत्रक अजून कोरं, हजेरीच्या बेरजा राहिलेल्या, आणि या बाई पेन्सिल घेऊन माझं मराठी तपासतात, असं वाटलं होतं. आता वही परत आली की मी ती घेऊन त्या मुलाजवळ जाऊन बसते.

शाळा साताऱ्यातली, एका ख्रिस्ती मंडळीनं चालवलेली, पहिली ते सातवी. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. पट यंदा 57. माझ्या चौथीत 9 मुलं. वर्गात दोन ख्रिस्ती, दोन मुसलमान, बाकी आमच्यासारखी हिंदू घरची. परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, मग प्रार्थना. प्रार्थनेत कधी पसायदान असतं, कधी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन. टिळक 1917 साली साताऱ्यात राहायला आले आणि इथेच त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली. 1919 मध्ये ते गेले. पेटी-टाळावर म्हटली जाणारी त्यांची पदं आमच्या मुलांना इतकी पाठ आहेत, की ती मंडळीची आणि ही वारकऱ्यांची असा फरक त्यांच्या गळ्यात उरलेला नाही. सहावीतला एक मुलगा आजोबांबरोबर हरिपाठाला बसतो. नाताळात गव्हाणीपुढे पखवाज वाजवणारा तोच.

मोठ्या बाई मात्र इथल्या नव्हेत. माहेर गुंटूरचं, तेलुगू ल्युथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या पंथातल्या ख्रिस्ती घरातलं. लग्न होऊन साताऱ्यात आल्या त्याला तीस वर्षं होऊन गेली. मराठी चांगलं बोलतात, फक्त ‘ळ’ जरा जास्त गोल येतो. गुंटूरला 1842 साली हायर नावाचे अमेरिकन ल्युथरन मिशनरी आले. तेव्हापासून तिकडे या मंडळींच्या शाळांचं जाळं आहे. बाईंचे वडील अशाच एका शाळेत मास्तर होते.

‘म्हणजे काय?’ हा प्रश्न त्यांनी तिथून आणला. एकदा 31 ऑक्टोबरला, धर्मसुधारणेच्या दिवशी, त्यांनी स्टाफरूममध्ये आम्हाला ती गोष्ट सांगितली. 1517 साली मार्टिन ल्यूथरनं विटेनबर्गमध्ये आपले 95 मुद्दे मांडले, एवढं आम्ही शिकवतोच. पुढचं मला माहीत नव्हतं. दहाएक वर्षांनी ल्यूथर सॅक्सनीतल्या खेडोपाडी मंडळ्या पाहत फिरला. लोकांना प्रार्थना येत नाही आणि जी येते तिचा अर्थ ठाऊक नाही, हे पाहून तो अस्वस्थ झाला. मग 1529 मध्ये त्यानं घराघरांत मुलांना शिकवता येईल अशी एक लहान प्रश्नोत्तरी लिहिली. दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना. एकेक ओळ घ्यायची आणि तिच्यापाशी थांबून विचारायचं, याचा अर्थ काय? उत्तर झालं की पुढची ओळ, पुन्हा तोच प्रश्न. बाई सांगत होत्या, “वडील रात्री जेवणानंतर विचारायचे. एका दमात सगळं म्हणून टाकलं तर मान हलवायचे. ओळ आली, पण अर्थ नाही आला, असं म्हणायचे.”

ल्यूथरनं 1524 मध्ये जर्मन शहरांच्या कारभाऱ्यांना एक पत्र लिहिलं होतं, तेही त्या दिवशी कळलं. रस्ते, पूल, तोफा यांवर शहर दरवर्षी एवढा पैसा घालतं, मग गरिबांच्या पोरांसाठी एक-दोन मास्तर का ठेवत नाही, असा त्याचा सूर. मुलींसाठीही शाळा काढा, हे त्यानं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे 1706 साली तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरलेला त्सिगेनबाल्ग हा ल्युथरन पाद्री आल्याआल्या तमिळ शिकायला पोरांबरोबर वाळूत अक्षरं गिरवत बसला. थोड्याच काळात त्यानं तिथे शाळा काढल्या. हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर आमच्या पहिलीच्या वर्गातला धुळीचा ट्रे आला. पोरं त्यात बोटानं ‘ग’ काढतात, हातानं पुसतात, पुन्हा काढतात.

तर ती वही.

बाहेरच्यांना वाटतं, वर्षअखेर म्हणजे पेपर तपासले, गुण भरले, झालं. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तेव्हापासून चौथीच्या मुलाचे 60 टक्के गुण वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाचे आणि 40 टक्के सत्राअखेरच्या संकलित परीक्षेचे असतात. पहिली-दुसरीला हेच प्रमाण 70 आणि 30. गुणांची श्रेणी होते, अ-1 पासून खाली. आणि प्रगतिपुस्तकात श्रेणीखाली तीन रकाने असतात : विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. प्रत्येक मुलाचे हे तीन रकाने वर्गशिक्षकानं शब्दांत भरायचे.

ही फार चांगली कल्पना होती असं मी आजही म्हणते. पण चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग असेल तर माणूस काय करणार? दर एप्रिलात आमच्या ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरते. विषयवार, छान टाइप केलेली. ‘स्वच्छता व टापटीप ठेवतो.’ ‘कविता तालासुरात म्हणते.’ ‘संख्यांवरील क्रिया करताना चुका करतो.’ मी ते वाक्य तिथूनच उचललं होतं. नऊच मुलं असताना उचललं, याची मला त्या दुपारी लाज वाटली.

मुलाचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. पोरगा अबोल. गणिताच्या संकलित पेपरात तो क-2 मध्ये होता. पेपर काढून मी त्याला पायरीवर बसवलं. एक गणित होतं, 47 गुणिले 8. त्यानं उत्तर लिहिलं होतं 326.

म्हटलं, “कागद बाजूला ठेव. तोंडी सांग, सत्तेचाळीस आठे?”

त्यानं वर पत्र्याकडे पाहिलं. “पन्नास आठे चारशे. त्यातनं चोवीस गेले. तीनशे शहात्तर.”

“मग इथं काय लिहिलंस?”

बराच वेळ पाहून तो म्हणाला, “हातचा राहिला.” साता आठे छप्पन्न, सहा लिहिला, पाच कुठेच लिहिला नाही. चार आठे बत्तीस. झालं 326. उरलेल्या चुकाही तशाच निघाल्या. उभ्या मांडणीतला हातचा तो कागदावर लिहीत नाही, मनात ठेवतो, आणि पुढच्या आकड्यावर गेला की तो मनातून निसटतो.

एवढ्यात मावशी आतून बोलल्या, “मॅडम, हा मला रोज तांदूळ सांगतो की.” मला हे माहीतच नव्हतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावीपासून पुढे 150. हजेरी झाली की हा पोरगा वर्गावर्गांतून फिरून आकडे घेतो आणि मावशींच्या काट्यापाशी उभा राहतो. त्या दिवशी खालचे वर्ग 41 आणि वरचे 12 होते. “सहा किलोला शंभर कमी,” त्यानं लगेच सांगितलं. मी कागदावर करून पाहिलं. चार किलो शंभर, अधिक एक किलो आठशे. पाच किलो नऊशे. बरोबर.

जूनपासून हे पोर रोज माझ्या डोळ्यासमोर दहा मिनिटं वर्गाबाहेर जात होतं आणि मी समजत होते की पाणी प्यायला जातंय.

संध्याकाळी मी नोंद खोडून पुन्हा लिहिली. विशेष प्रगतीत : ‘शाळेच्या तांदळाचा रोजचा हिशेब तोंडी व बिनचूक करतो.’ सुधारणेत : ‘उभ्या मांडणीत हातचा कागदावर लिहिण्याची सवय हवी.’ बाईंनी वाचली, चष्मा काढला, आणि वही मिटून पुढची ओढली. बाईंची शाबासकी एवढीच असते.

बाकीच्या वर्षाचं थोडक्यात सांगते, कारण शाळांची वर्षं बऱ्यापैकी सारखीच असतात. डिसेंबरात स्नेहसंमेलन झालं. स्टेज म्हणजे चार बाकं आणि वर सतरंजी. नाताळात मंडळीनं सगळ्या मुलांना केक आणि करंज्या दिल्या. सहल सज्जनगडला गेली, परळीहून वर चढताना पहिलीतली तीन पोरं थकली आणि सातवीतल्यांनी त्यांना पाठीवर घेतलं. क्रीडादिनाला लिंबू-चमच्यात दुसरीतल्या एका मुलीनं लिंबू अंगठ्यानं दाबून धरलं होतं. पहिली आल्यावर तिनं स्वतःच येऊन सांगितलं आणि बक्षीस दुसऱ्या मुलीला नेऊन दिलं. तिच्या वर्गशिक्षिकेनं ते नोंदवहीत जसंच्या तसं लिहिलं, त्यावर पेन्सिलीची रेघ आली नाही.

निरोप समारंभाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं. इतर ठिकाणी भाषणं होतात, सातवीची मुलं शाळेला घड्याळ वगैरे देतात. आमच्याकडे बाई जनरल रजिस्टर काढतात. लाल कापडी बांधणीचं, मधल्या पानांना चिकटपट्टी लावलेलं. यंदा सातवीतून सहा मुलं गेली. बाई एकेकाला पुढे बोलावतात, त्याच्या प्रवेशाच्या ओळीवर पट्टी धरतात आणि ती ओळ त्यानं मोठ्यानं वाचायची. अनुक्रमांक, संपूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, प्रवेशाचा दिनांक. सात वर्षांपूर्वी कुणीतरी शाईनं लिहिलेली ही ओळ पोरं पहिल्यांदाच बघत असतात. एकजण वाचता वाचता थबकला. “जन्मस्थळ चाफळ? मी चाफळचा? घरात कोण बोललंच न्हाय!” सगळे हसले, तोही हसला. पण नंतर रजिस्टरवरून त्याचा हात काही हलेना, चाफळ या शब्दावर बोट ठेवून तो उभाच राहिला.

ही पद्धत बाईंनी साताऱ्यात आल्यावर सुरू केली, आणि तिचं कारण साताऱ्यातलंच आहे. राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरला 1914 या क्रमांकासमोर बाळ भिवाची सही आहे. शाळेनं तो दस्तऐवज जपून ठेवलाय, आणि 2017 पासून 7 नोव्हेंबर हा राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या पानाचा फोटो बाईंनी ऑफिसात लावलाय, बरोबर रजिस्टरच्या कपाटाच्या वर. नवीन मुलाचं नाव लिहायला बसलं की समोर तोच दिसतो. त्यामुळे आमच्याकडे कुणी घाईत, गिचमिड अक्षरात नाव लिहीत नाही. स्पेलिंग, आडनाव, आईचं नाव दोनदा विचारून लिहितो.

याच रजिस्टरात यंदा एक ओळ मला फार त्रास देऊन गेली.

नोव्हेंबरात एक मुलगी माझ्या वर्गात आली. आईवडील बीडकडचे, ऊसतोडीला आलेले. त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, शहराबाहेर उसाच्या फडाजवळ पडलेल्या. धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची, त्याला पहिलीच्या दारात उतरवायची आणि मग माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायची. वाचन उत्तम. पण तिची एक तऱ्हा होती. बालभारतीत नवा धडा निघाला की ती आधी शेवटचं पान उघडायची. शेवटच्या चार ओळी ओठांत वाचायची, मग पुस्तक मिटायची किंवा मागे येऊन पहिल्यापासून सुरू करायची. काही धडे तिनं वाचलेच नाहीत. मी दोन-तीनदा रागावलेही, “असं नसतं वाचायचं.” ती मान खाली घालायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. एका सकाळी भाऊ आला नाही, ती आली नाही. दुपारी जाऊन पाहिलं तर कोप्यांच्या जागी काळवंडलेल्या चुली आणि पाचटाचे तुकडे. मी शिक्षण हमी पत्रक आदल्या आठवड्यातच भरून तिच्या हातात दिलं होतं, एवढंच समाधान. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी हे पत्रक असतं. मूल कुठल्या इयत्तेत आहे आणि त्याला काय येतं, हे पुढच्या शाळेला त्यावरून कळावं म्हणून. त्यातही शेऱ्याला जागा असते. तिथे मी लिहिलं होतं, ‘शेवट वाचून मगच गोष्ट पहिल्यापासून वाचते.’ बाईंनी तेव्हाही पेन्सिल उचलली होती, पण रेघ न मारता खाली ठेवली. “हे राहू दे,” म्हणाल्या. “वाचणारा विचारेल.”

मूल शाळा सोडून गेलं की यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर माहिती अद्ययावत करावी लागते. जे मूल गेलं आणि अजून दुसऱ्या शाळेनं घेतलं नाही, ते पोर्टलवर ड्रॉपबॉक्समध्ये जातं. दुसऱ्या शाळेनं तिथून ओढून घेतलं की ते त्यांच्या पटावर दिसतं. सोय म्हणून ही व्यवस्था उत्तम आहे, माझी तक्रार नाही. तरी तिचं नाव त्या यादीत पाठवताना माझा हात माऊसवर बराच वेळ थांबला. तीस दिवस झाले, पस्तीस झाले, नाव तिथेच. मी रोज सकाळी परिपाठाआधी उघडून बघायची. मावशी विचारायच्या, “आली का वर?” त्यांना वाटायचं, ती कुठल्या तरी खड्ड्यात पडलीय.

मधले दिवस कामात गेले. जुनी पुस्तकं गोळा केली. शिल्लक तांदळाच्या पोत्यात कडुनिंबाचा पाला घातला. फळे काळे केले. सातवीतल्या मुलांनी आवारातल्या चिंचेला आळं करून पाणी दिलं, कारण मे महिन्यात कोण घालणार. प्रगतिपुस्तकांवर सह्या झाल्या, शिक्के झाले.

1 मेला सकाळी साडेसातला झेंडा, राज्यगीत, मग निकाल. हमालभाऊ पांढरा सदरा घालून आले होते. त्यांनी प्रगतिपुस्तक उघडलं, मग माझ्यापुढे धरलं. “मॅडम, तुमीच वाचा.” मी श्रेणी वाचल्या आणि मग तांदळाची ओळ वाचली. ते काही बोलले नाहीत. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, “रोज? एकट्यानं?” पोरगं मावशींकडे बघायला लागलं. मावशी म्हणाल्या, “रोज. एक दिवस बी कमीजास्त नाय.”

दहा वाजेपर्यंत शाळा रिकामी झाली. बाई ऑफिसात रजिस्टरला नवं खाकी कव्हर घालत होत्या. मी चाव्या घेऊन वर्ग बंद करत फिरत होते, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

“नमस्कार मॅडम. मी बीड जिल्ह्यातून बोलतोय, जिल्हा परिषद शाळेतून. तुमच्याकडची एक मुलगी एप्रिलात आमच्याकडं आली. परीक्षा दिली तिनं, आज निकालही दिला. हमी पत्रक तिच्या घरच्यांच्या ट्रंकेत राहिलं होतं, ते आज आणलं बघा. पोर्टलवर ओढून घेतो आता तिला, दोघा भावंडांना.”

मी दाराच्या चौकटीला टेकले. भाऊ कसा आहे, विचारलं. बरा आहे, म्हणाले, फार दंगा करतो.

“एक विचारायचं होतं, मॅडम. तुम्ही शेऱ्यात लिहिलंय, शेवट वाचून मगच गोष्ट पहिल्यापासून वाचते. ही म्हणजे…” ते जरा थांबले, कागद सरकवल्याचा आवाज आला. “म्हणजे काय?”

“वेळ आहे ना सर तुम्हाला?” मी विचारलं. आहे म्हणाले. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि नोव्हेंबरपासून सांगायला लागले.